वाफेचा कॉम्प्रेसर: आधी मोजणी, मग निवड, कोटेशन सगळ्यात शेवटी

कुपवाड, मिरज, पलूस किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत वाया जाणारी वाफ परत वापरायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, स्क्रू घेऊ की सेंट्रिफ्यूगल, तेवढं सांगा." (हे वाफ दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन प्रकार.) या प्रश्नाची पाळी चौथ्या टप्प्यावर येते. आधीचे तीन टप्पे गाळून घेतलेलं यंत्र कितीही चांगल्या बनावटीचं असलं तरी वर्षभरात बायपासवर पडतं, म्हणजे वाफ त्याला वळसा घालून जाते. मग ठपका यंत्रावर येतो.

काम थोडक्यात असं आहे. कमी दाबाच्या वाफेत प्रचंड उष्णता असते, पण ती आपल्याला हव्या त्या तापमानाला मिळत नाही. वीज वापरून तिचा दाब वाढवला की ती जास्त तापमानाला पाणी होते आणि तिचा अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना तिच्यात साठलेली उष्णता) पुन्हा कामाला येतो. पाणी उकळायला लागणारी मोठी रक्कम आधीच भरलेली असते, आपण फक्त वरचा फरक भरतो. हा फरक किती मोठा, यावर सगळा व्यवहार ठरतो.

पुढे जिथे फक्त 'बार' लिहिलं आहे तिथे तो निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) समजा. गेजचा दाब (हवेच्या दाबाच्या वर जेवढा तेवढा) असेल तिथे तसं लिहिलं आहे.

## टप्पा १: वाफ कॉम्प्रेसरपर्यंत न्यायच्या लायकीची आहे का?

छपरावरून पांढरा लोट जातोय म्हणजे तिथे पैसे उडतायत, हे बरोबर. पण त्यातला बराच भाग साध्या उपायांनी थांबतो, आणि ते उपाय आधी करायचे असतात.

पहिलं काम स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त तिचं झालेलं पाणी (कंडेन्सेट) बाहेर सोडणाऱ्या झडपा. उघडे अडकलेले ट्रॅप ताजी वाफ कंडेन्सेट टाकीत सोडतात आणि टाकीच्या व्हेंटमधून ती 'फ्लॅश स्टीम' (गरम कंडेन्सेटचा दाब उतरताना आपोआप होणारी वाफ) म्हणून बाहेर पडते. असा लोट मोजून त्यावर कॉम्प्रेसर बसवला आणि पुढच्या वर्षी कुणीतरी ट्रॅप बदलले, की यंत्राला ओढायला वाफच उरत नाही. म्हणून ट्रॅप दुरुस्त करून आठवडा जाऊ द्या आणि मगच मोजायला लागा.

दुसरं, ही वाफ दाब न वाढवता कुठे वापरता येते का ते बघा. बॉयलरच्या फीड वॉटरचं तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. सीआयपीचं (यंत्रं न उघडता आतून धुण्याचं) पाणी, क्रेट धुण्याचं पाणी, फीड टँक ही गिऱ्हाइकं आधी भागवा. जे काम उष्णता अदलाबदलीच्या साध्या यंत्राने होतं तिथे कॉम्प्रेसर घालणं म्हणजे विजेचं बिल हौसेनं वाढवणं.

तिसरं, प्रक्रियेला खरंच किती तापमान लागतं? बॉयलर १० बारला चालतो म्हणून प्रक्रियेला १८० अंश लागतात असं नाही. पाइप लहान ठेवता यावेत म्हणून दाब वर ठेवलेला असतो आणि यंत्रापाशी तो पीआरव्हीने (दाब कमी करणाऱ्या झडपेने) खाली आणलेला असतो. दुधाचं पाश्चरायझेशन ७२ अंशांवर १५ सेकंदांत होतं, त्याला ८० अंशांच्या आसपासचं गरम पाणी पुरतं. तिथे वाफेचा कॉम्प्रेसर नको, साधा हीट पंप (विजेवर कमी तापमानाची उष्णता वर उचलणारं यंत्र) पुरेल. जिथे ११० ते १५० अंशांची वाफच हवी किंवा इव्हॅपोरेटरची वाफ त्यालाच परत वापरायची, तिथेच हा लेख उपयोगी पडेल.

आणि चौथं, वाफ शुद्ध आहे का. गुऱ्हाळाच्या काहिलीवरून उठणारी वाफ किंवा ड्रायरमधून येणारी दमट हवा दिसायला सारखीच, पण त्यात हवा मिसळलेली असते. ती दाबली तर वीज हवा दाबण्यातच जाते आणि पुढे कंडेन्सरमध्ये हीच हवा उष्णतेच्या वाटेत आडवी येते. ती आधी पाण्यात किंवा दुसऱ्या माध्यमात उतरवावी लागते. बंद इव्हॅपोरेटरची व्हेपर (द्रव आटवताना त्यातून उठणारी वाफ), कंडेन्सेटची फ्लॅश स्टीम, डिस्टिलरीच्या स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरलेलं सांडपाणी) इव्हॅपोरेटरची व्हेपर हे थेट दाबायला योग्य उमेदवार.

साखर कारखान्याबाबत वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात हा विषय तिथूनच निघतो. मल्टिपल इफेक्टमध्ये (एकापाठोपाठ जोडलेल्या इव्हॅपोरेटरच्या भांड्यांत, म्हणजे 'बॉडीं'त) वाफ आधीच चार-पाच वेळा वापरली जाते, बगॅस (उसाचा चोथा) घरचा असतो आणि गाळप हंगाम काही महिन्यांचाच. शेवटच्या बॉडीची ५५–६० अंशांची व्हेपर कंडेन्सरला जाताना बघून हात शिवशिवतात खरे, पण इतक्या पातळ वाफेसाठी राक्षसी यंत्र लागतं आणि वर्षातले सहा-सात महिने ते झाकून ठेवावं लागतं. कारखान्याला जोडलेली डिस्टिलरी जास्त दिवस चालत असेल तर हिशोब तिथून सुरू करा.

## टप्पा २: मोजणी

वातावरणाचा दाब आपल्या गावचा घ्या. तक्त्यात १.०१३ बार असतो तो समुद्रसपाटीचा. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो आणि पाणी ९८ अंशांना उकळतं. सातारा शहर ७०० मीटरच्या वर, तिथे ०.९३ बार आणि साडेसत्त्याण्णव अंश. फरक छोटा वाटतो, पण ज्या यंत्राची तापमान वाढवण्याची अख्खी झेपच ७–८ अंशांची असते त्याला दोन अंश म्हणजे पाव हिस्सा.

दाब आणि तापमान एकाच जागी, एकाच वेळी मोजा. शुद्ध संपृक्त (नेमक्या उत्कलनबिंदूवर असलेल्या) वाफेत या दोन आकड्यांची जोडी ठरलेली असते. रोज लागणाऱ्या काही जोड्या भिंतीवर लिहून ठेवा:

- ६० अंश: ०.२० बार, एक किलो वाफ ७.६७ घनमीटर जागा व्यापते
- ७० अंश: ०.३१ बार, ५.०४ घनमीटर
- ८० अंश: ०.४७ बार, ३.४१ घनमीटर
- १०० अंश: १.०१ बार, १.६७ घनमीटर
- १२० अंश: १.९९ बार, ०.८९ घनमीटर
- १५० अंश: ४.७६ बार, ०.३९ घनमीटर

मोजलेलं तापमान त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा कमी आलं तर वाफेत हवा आहे. सांगलीत उघड्या व्हेंटवर ९८ ऐवजी ९० अंश दिसले, तर ९० अंशांच्या वाफेचा दाब ०.७० बार आणि एकूण दाब ०.९५ बार. म्हणजे आकारमानाने पाव भागापेक्षा जास्त हवा. अशा वाफेवर पुढचा हिशोब करू नका, आधी हवा कुठून येते ते शोधा.

तपासणी: रबरी स्टीम होजने थोडी वाफ थंड पाण्याच्या बादलीत तळाशी सोडा. शुद्ध वाफ कडकड आवाज करत पाण्यात विरून जाते. पृष्ठभागापर्यंत बुडबुडे येऊन फुटत राहिले तर ती हवा. लांब हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल लावूनच हे करा, होज बांधून ठेवा. सुटलेला होज सापासारखा फिरतो.

वाफेचं वजन काढा. फ्लोमीटर नसेल तर ड्रम पुरतो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये १०० किलो थंड पाणी घ्या, वजन आणि तापमान लिहा, ठरावीक वेळ वाफ सोडा, पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे तेवढ्या वेळातली वाफ. तापमानाची वाढ त्याच्याशी जुळली पाहिजे: साधारण २० अंशांच्या १०० किलो पाण्यात १०० अंशांची ५ किलो वाफ विरली तर पाणी सुमारे ३० अंशांनी तापतं. वजन वाढलं पण तापमान तेवढं चढलं नाही, तर वाफेबरोबर पाणीही वाहत येतंय. मोठ्या व्हेंटवर ड्रम चालत नाही. तिथे तात्पुरता कंडेन्सर लावून कंडेन्सेट मोजा किंवा इव्हॅपोरेटरमध्ये जाणारं आणि बाहेर येणारं द्रव्य आणि त्याचं ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थाची टक्केवारी) यावरून उडालेलं पाणी काढा.

एक दिवस मोजून थांबू नका. डेअरीत थंडीतली दुधाची आवक आणि उन्हाळ्यातली आवक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. किमान, नेहमीचा आणि कमाल असे तीन प्रवाह काढा आणि प्रत्येक प्रवाह वर्षातले किती तास असतो तेही लिहा. यंत्र कमाल प्रवाहावर निवडलं आणि वर्षाचा बहुतेक काळ ते अर्ध्या भारावर चाललं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

वाफेबरोबर काय येतं? कंडेन्सेटचा नमुना घ्या, सामू आणि कंडक्टिव्हिटी बघा. साखर असण्याची शक्यता असेल तर अल्फा नॅफ्थॉलची चाचणी करा, कारखान्याच्या लॅबमध्ये ती रोज होतेच. दूध, स्टार्च, फेस, मीठ, आम्ल यांतलं काहीही थेंबांबरोबर येत असेल तर ते इम्पेलरवर किंवा रोटरवर (कॉम्प्रेसरच्या फिरत्या भागांवर) साचणार, किंवा त्याला खाणार.

## टप्पा ३: तापमानाची खरी उचल काढा

कागदावर सगळे लिहितात: "१०० अंशांची वाफ आहे, १२० अंश हवेत, उचल २० अंश." प्रत्यक्षात तीन गोष्टी गुपचूप उचल वाढवतात.

एक, विरघळलेल्या पदार्थामुळे वाढलेला उत्कलनबिंदू. ६० टक्के साखरेचं द्रावण शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे ३ अंश वर उकळतं. त्यातून उठणारी वाफ मात्र दाबानुसार शुद्ध पाण्याच्या तापमानालाच संपृक्त असते, त्यामुळे ते ३ अंश तिथेच गेले. पातळ दुधात हा आकडा नगण्य, पाक किंवा मिठाच्या घट्ट द्रावणात मोठा.

दोन, उष्णता पलीकडे जायला लागणारा फरक. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत ४–५ अंश फरक हवा असेल तर तो उचलीत मिळवायचा. नळ्यांवर खवले बसले की तोच फरक ७–८ वर जातो. आकडा स्वच्छ नळ्यांचा न घेता दोन धुलाईंच्या मधल्या शेवटच्या दिवसाचा घ्या.

तीन, पाइप, डेमिस्टर (वाफेतले थेंब अडवणारी जाळी) आणि व्हॉल्व्हमधली दाबाची घट. इथे व्हॅक्यूमवर चालणारे हमखास फसतात. १०० अंशांच्या आसपास ३६ मिलिबार दाब गमावला तर १ अंश जातो. ७० अंशांना तोच १ अंश जायला १३–१४ मिलिबार पुरतात. म्हणजे जुन्या डेमिस्टरमधली ३० मिलिबारची घट एका ठिकाणी एका अंशाच्या आत आणि दुसऱ्या ठिकाणी चक्क दोन अंश.

ही बेरीज करून जो आकडा येतो तो कॉम्प्रेसरचा. आता दोन्ही टोकांचे तापमान दाबात बदला आणि भागाकार करा. हे दाबाचं गुणोत्तर पुढच्या टप्प्याची किल्ली आहे. १०० ते १२० अंशांसाठी ते सुमारे १.९६ येतं, १०० ते १५० साठी ४.७. तीच २० अंशांची उचल ६० वरून ८० ला केली तर गुणोत्तर जवळजवळ २.४. अंश सारखे असले तरी यंत्र सारखं नसतं.

सावधान: चौकशीच्या पत्रात "डिस्चार्ज दाब २ बार" (डिस्चार्ज म्हणजे कॉम्प्रेसरची वाफ बाहेर टाकायची बाजू, सक्शन म्हणजे ओढायची) एवढंच लिहू नका. निरपेक्ष २ बार म्हणजे १२० अंश. सांगलीतला गेजचा २ बार म्हणजे निरपेक्ष २.९५ बार, म्हणजे १३३ अंश. या एका शब्दाअभावी १३ अंशांचा फरक पडतो आणि तो यंत्र बसल्यावर कळतो.

## टप्पा ४: यंत्राचा प्रकार

आता दोन आकडे हातात आहेत: ओढायच्या वाफेचं आकारमान (घनमीटर प्रतितास) आणि दाबाचं गुणोत्तर. तासाला १ टन वाफ १०० अंशांना १,६७३ घनमीटर भरते, ६० अंशांना ७,६७० घनमीटर. टनाच्या आकड्यावरून यंत्र मागवणाऱ्याने हे एकदा लिहून बघावं.

उच्च दाबाचा पंखा (एमव्हीआर फॅन; एमव्हीआर म्हणजे यंत्राने वाफ दाबून ती परत वापरणं). गुणोत्तर साधारण १.२ ते १.४, उचल ५ ते ९ अंशांच्या घरात. प्रवाह मोठा, बांधणी साधी, दुरुस्ती आपल्याकडच्या चांगल्या वर्कशॉपच्या आवाक्यातली. दुधाच्या फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटरला (ज्यात दूध नळ्यांतून पातळ थराने खाली उतरतं) हाच बसतो. उचल थोडी जास्त हवी तर दोन किंवा तीन पंखे एकापाठोपाठ लावतात. पंख्याचा नियम लक्षात ठेवा: प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि ताकद घनाच्या प्रमाणात. फेरे १० टक्के कमी केले की दाबवाढ सुमारे १९ टक्के घटते. म्हणजे व्हीएफडीने (मोटरचे फेरे कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हने) भार कमी करताना उचलही हातची जाते.

सेंट्रिफ्यूगल टर्बो. एका टप्प्यात गुणोत्तर २ च्या आसपास, काही यंत्रांत त्याहून वर. मोठ्या प्रवाहाला कार्यक्षमता उत्तम. पण प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की 'सर्ज' होतो: वाफ उलट फिरते, यंत्र धापा टाकल्यासारखं हादरतं, थ्रस्ट बेअरिंग जातं. म्हणून टप्पा २ मधला किमान प्रवाह इथे निर्णायक. अँटी-सर्ज व्हॉल्व्ह वाचवतो, पण तो उघडा ठेवून यंत्र चालवणं म्हणजे दाबलेली वाफ परत सक्शनला सोडून पुन्हा दाबणं. किमान प्रवाह कमालच्या निम्म्याखाली वारंवार जात असेल तर एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान यंत्रांचा विचार करा.

रूट्स ब्लोअर. गुणोत्तर २ पर्यंत, प्रवाह लहान ते मध्यम. प्रवाह कमी-जास्त झाला तरी कुरकुर नाही आणि आपल्या फिटरना ओळखीचं. पण यात आतल्या आत दाबणं होत नाही, डिस्चार्जच्या दाबावरच वाफ ढकलली जाते, म्हणून गुणोत्तर वाढेल तशी वीज भराभर वाढते. आवाजाची सोय आधी करा, शेजारच्या शेडमधून तक्रार येण्याची वाट पाहू नका. लहान प्लांटला, २० अंशांच्या आत काम असेल तर, माझं मत याच्या बाजूने जातं.

स्क्रू, पाणी फवारणारा. गुणोत्तर ४–६ किंवा त्याहूनही जास्त. १०० अंशांवरून एका दमात १५० अंशांना जायचं तर बहुधा हाच. दाबताना वाफ भयंकर तापते, म्हणून आत पाणी फवारून तिला संपृक्ततेजवळ ठेवतात. त्या पाण्याचीही वाफ होते आणि उत्पादनात मिळते. अट एकच: पाणी निर्मळ हवं. खाद्यपदार्थाच्या प्लांटला तेलविरहितच घ्या आणि गिअरचं तेल व वाफ यांमधल्या सीलची रचना समजून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पिस्टनचा कॉम्प्रेसर. गुणोत्तर मोठं, प्रवाह लहान. झडपा, रिंगा आणि पाण्याचा धक्का, या तिन्हींची देखभाल मागतो. चोवीस तास चालणाऱ्या प्लांटला जोडीला दुसरा असल्याशिवाय नको.

थर्मोकॉम्प्रेसर म्हणजे इजेक्टर. फिरता भाग नाही, वीज नाही, पण ताज्या उच्च दाबाच्या वाफेवर चालतो. बॉयलर बंद करणं हा उद्देश असेल तर तो या यादीत बसत नाही.

वाफच नसून ५०–६० अंशांचं गरम पाणी असेल तर? तिथे खालचा टप्पा बंद चक्राच्या हीट पंपाने करून वरचा टप्पा वाफेच्या कॉम्प्रेसरने करतात. अमोनियाचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वाफ कितीही दाबली तरी द्रव होत नाही) १३२ अंश, ब्युटेनचं १५२, पाण्याचं ३७४. जितकं वर जावं तितकं पाणी हेच माध्यम सोयीचं होतं आणि खाली मात्र त्याची वाफ फार पातळ पडते. दोघांनी काम वाटून घेण्याचं कारण हेच.

## टप्पा ५: विजेचा हिशोब स्वतः करा

कोटेशनमधला सीओपी (एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) वाचण्याआधी हे आकडे डोक्यात असू द्या. यंत्राची कार्यक्षमता ७० टक्के आणि मोटर-ड्राइव्ह मिळून ९३ टक्के धरली, तर १०० अंशांची वाफ १२० ला न्यायला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टनाला सुमारे ५० युनिट लागतात. १५० ला न्यायला सुमारे ११५ ते १२०. सीओपी अनुक्रमे १२ आणि ५ च्या आसपास. दुधाच्या इव्हॅपोरेटरवर ७० वरून ७५ अंश करणारा चांगला पंखा १५ युनिटांच्या आत भागवतो.

समजा युनिट ९ रुपयांना पडतं. मग १२० अंशांची वाफ टनाला ४५० रुपये, १५० अंशांची हजाराच्या वर. शेजारी आपल्या बॉयलरचा टनाचा खर्च मांडा, आणि तो स्टोअरच्या नोंदीतून काढा: महिन्याचं इंधन भागिले महिन्याची वाफ. मात्र यातला फक्त इंधन-पाण्याचा भाग धरा. बॉयलर अटेंडंटचा पगार बचतीत लिहू नका, कारण स्टार्टअपला आणि बंद काळात बॉयलर लागणारच.

महावितरणच्या बिलात युनिटखेरीज मागणी आकारही असतो. कंत्राटी मागणी वाढवावी लागणार का, दिवसाच्या वेळेनुसारचे दर कसे लागतात आणि व्हीएफडीमुळे हार्मॉनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) किती वाढतील, हे आपल्या इलेक्ट्रिकल माणसाला याच टप्प्यावर विचारा. ट्रान्सफॉर्मर अपुरा पडला हे मोटर आल्यावर कळणं महागात जातं.

तपासणी: वाफेचं तापमान ५ अंशांनी कमी ठेवून प्रक्रिया चालते का, ते याच टप्प्यावर प्लांटवर करून बघा. पीआरव्ही थोडा खाली करून आठवडाभर चालवलं की उत्तर मिळतं. उचलीतला प्रत्येक वाचलेला अंश यंत्राच्या आयुष्यभर वीज वाचवतो.

## टप्पा ६: कोटेशन मागवताना

सगळ्यांना एकच डेटाशीट द्या. सक्शनचा निरपेक्ष दाब, डिस्चार्जचा निरपेक्ष दाब, तिन्ही प्रवाह, वाफेतली अशुद्धी, गावाची उंची. आणि उत्तरात हे लेखी घ्या: प्रति टन युनिट, मीटरवर मोजलेले, शाफ्टवरचे नव्हे. तिन्ही प्रवाहांना वेगवेगळे. फवारणीचं पाणी धरून की वगळून, तेही स्पष्ट. सीओपी या एका आकड्यावर सौदा करू नका, त्यात काय धरलं आणि काय सोडलं हे प्रत्येकाचं निराळं असतं.

कार्यक्षमतेची चाचणी कशी, कुणाच्या मीटरवर आणि कमी पडलं तर काय, हे ऑर्डरमध्येच असावं. सील आणि बेअरिंगचा एक संच यंत्राबरोबरच घ्या. पुण्याहून सुटा भाग दुसऱ्या दिवशी येतो, परदेशातून यायला किती आठवडे लागतात ते आधी विचारा.

बाष्पके संचालनालयाच्या नियमांत तुमची नवी पाइपलाइन आणि भांडी बसतात का, ते आराखडा पक्का होण्याआधी विचारून घ्या. वेल्डिंग झाल्यावर कागदपत्रं जमवायला गेलात तर पाइप कापावा लागू शकतो.

## टप्पा ७: जोडणी

सक्शनला सेपरेटर आणि डेमिस्टर हे ऐच्छिक नाहीत. सुसाट फिरणाऱ्या इम्पेलरच्या कडेवर पाण्याचा थेंब छिन्नीचं काम करतो. पाइपला निचऱ्याच्या दिशेने उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी ड्रेन ठेवा, आणि व्हॅक्यूमवर असाल तर तो ड्रेन उघडल्यावर हवा आत येणार नाही अशी रचना करा. पाइपचं वजन आणि प्रसरण यंत्राच्या फ्लँजवर येऊ देऊ नका. दोन्ही बाजूंना बेलोज (लवचिक घडीदार जोड), आणि बेलोजच्या पलीकडे पक्का अँकर. अलाइनमेंट थंड स्थितीत केली असेल तर गरम झाल्यावर पुन्हा बघा.

शक्य असेल तिथे सक्शन वातावरणाच्या किंचित वर ठेवा. सांगलीत १०० अंशांची वाफ म्हणजे गेजवर फक्त ०.०६ बार, पण तेवढ्याने गळती बाहेरच्या बाजूला होते आणि हवा आत शिरत नाही. व्हॅक्यूमवर चालणं भाग असेल तर कंडेन्सिंगच्या बाजूला हवा काढून टाकायची वाट ठेवलीच पाहिजे.

फवारणीचं पाणी: प्लांटचं स्वच्छ कंडेन्सेट किंवा डीएम (सगळे क्षार काढलेलं) पाणी. बोअरचं पाणी कधीच नाही, सॉफ्टनरमधून काढलेलंही नाही. सॉफ्टनर कडकपणा घालवतो, क्षार तसेच राहतात, आणि पाण्याची वाफ झाली की ते रोटरवर चिकटतात. कृष्णाकाठच्या खारपट पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगायला नको.

किती पाणी लागेल? १०० वरून १२० अंशांना जाताना, ७० टक्के कार्यक्षमतेने, वाफ संपृक्त न राहता १९० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तिला १२० वर आणायला टनामागे साधारण ६० ते ६५ किलो गरम पाणी लागतं. हा सुपरहीट (संपृक्त तापमानाच्या वरची जादा उष्णता) काढलाच नाही तर हीटिंगच्या नळ्यांत वाफ उशिरा पाणी होते आणि उष्णता नीट जात नाही. नोझल लावून काम झालं असं समजू नका, नोझलनंतर सरळ पाइपची लांबीही लागते, नाहीतर न विरलेलं पाणी पहिल्या बेंडवर आदळतं.

## टप्पा ८: पहिला स्टार्ट

क्रम बदलू नका. घाईत बदललेला क्रम हेच पहिल्या महिन्यातल्या बहुतेक मोडतोडीचं कारण असतं.

१. सगळे ड्रेन उघडा. कॉम्प्रेसर बायपासवर ठेवा.
२. बॉयलरची थोडी वाफ सोडून केसिंग आणि पाइप हळूहळू तापवा. थंड केसिंगमध्ये वाफ गेली की पाणी साचतं.
३. ड्रेनमधून पाणी थांबून कोरडी वाफ येईपर्यंत थांबा. घड्याळ लावू नका, ड्रेन बघा.
४. व्हेंटमधून हवा जाऊ द्या. दाब आणि तापमानाची जोडी तक्त्याशी जुळली की व्हेंट बारीक करा.
५. सीलची वाफ किंवा पाणी, तेलाचा दाब आणि तापमान तपासा.
६. कमी फेऱ्यांवर सुरू करा. व्हायब्रेशन नोंदवा. टर्बो असेल तर क्रिटिकल फेऱ्यांवर (ज्या वेगाला यंत्र सगळ्यात जास्त हादरतं) रेंगाळू नका.
७. फेरे वाढवत बायपास सावकाश बंद करा.
८. डिस्चार्जला सुपरहीट दिसायला लागल्यावरच डिस्चार्ज पाइपमधली फवारणी सुरू करा. आधी नाही. स्क्रूच्या आतल्या फवारणीचा क्रम उत्पादकाच्या पुस्तकाप्रमाणे.
९. बॉयलरची मदत टप्प्याटप्प्याने कमी करा.

बंद करताना उलटं: आधी फवारणी बंद, मग बायपास उघडा, मग फेरे उतरवा, मग ड्रेन उघडे. सुट्टीआधी आतला भाग कोरडा करून ठेवा. ओल्या केसिंगमध्ये एक रविवार पुरतो गंज धरायला.

सावधान: लाइट अचानक गेली तर डिस्चार्जची वाफ उलटी फिरून इम्पेलर मागे फिरवू शकते. डिस्चार्जला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि फवारणीचा सोलेनॉइड वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा हवा. ग्रामीण फीडरवर असाल तर लोडवर चालू असताना मुद्दाम वीज तोडून ही चाचणी कमिशनिंगच्या वेळीच, उत्पादकाचा माणूस समोर असताना घ्या.

सीआयपी चालू असताना कॉम्प्रेसर बायपासवर. कॉस्टिकचा फेस सक्शनमध्ये गेला की कंडेन्सेटची कंडक्टिव्हिटी उसळते, आणि तेच कंडेन्सेट फवारणीला वापरत असाल तर तो थेट रोटरवर जातो. म्हणून फवारणीच्या ओळीवर कंडक्टिव्हिटीचा ट्रिप लावा.

## टप्पा ९: नंतरची नोंदवही

शिफ्टच्या वहीत पाच रकाने पुरतात: सक्शनचा दाब आणि तापमान, डिस्चार्जचा दाब आणि फवारणीआधीचं तापमान, युनिट, टन, व्हायब्रेशन. यांतून यंत्र स्वतःच बोलतं. दाब तेच असताना फवारणीआधीचं तापमान चढत गेलं तर कार्यक्षमता घसरतेय, इम्पेलर घाण झालाय किंवा स्क्रूच्या फटी वाढल्यात. सक्शनचा दाब खाली आणि बाकी सगळं जागेवर असेल तर आधी डेमिस्टर उघडून बघा. प्रति टन युनिट वाढले आणि डिस्चार्जचा दाबही वाढला तर दोष कॉम्प्रेसरचा नाही, पुढच्या नळ्यांवर खवले बसलेत किंवा हवा साठली आहे. व्हेंट उघडून दहा मिनिटांत दाब उतरला तर हवा, नाही उतरला तर नळ्या धुवा.

व्हायब्रेशनचा आकडा ट्रिपच्या मर्यादेत आहे म्हणून गप्प बसू नका, कमिशनिंगच्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघा. तेलाचा नमुना पाण्यासाठी दर महिन्याला तपासा. काचेत तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे, आणि त्या दिवशी फक्त तेल बदलून यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्याला बेअरिंगचाही खर्च लवकरच मंजूर करून घ्यावा लागतो.